मुसळधार पावसात दुचाकी थांबवता आली पाहिजे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मृग लागायला आता जेमतेम दोन आठवडे उरले आहेत. ताडपत्र्या आणि रेनकोट बाहेर निघतील, भाजावळ झालेल्या शेतांत पेरणीची लगबग सुरू होईल, आणि त्याच सुमारास ‘पावसात वाहने जपून चालवा’ असे आवाहन दरवर्षीप्रमाणे सर्वत्र प्रसिद्ध होईल. ते योग्यच आहे. परंतु जपून चालवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या एका ओळीतून कोणालाही कळत नाही. मी संगमेश्वर तालुक्यातील प्राथमिक शाळांतून तीस वर्षे शिकवले आणि त्यांतील बहुतेक सर्व पावसाळे मोटारसायकलवर काढले. तेवढ्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते की धो धो पावसात गाडी पुढे नेणे कोणालाही जमते. ती हवी तेव्हा थांबवणे, कुठे थांबायचे ते ओळखणे, आणि थांबायला जागा व मुभा मिळणे यावर माणूस घरी पोहोचतो की नाही हे ठरते. याच एका मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

माझ्या स्वतःच्या अपघातापासून सुरुवात करतो. आषाढातली सकाळ होती आणि लावणी ऐन भरात आली होती. शाळेच्या अलीकडच्या वळणावर एका शेतातून चिखलणीचा ट्रॅक्टर नुकताच रस्त्यावर चढून पुढे गेला होता. त्याच्या चाकांतून पडलेली तांबडी माती पावसाने सारवल्यासारखी डांबरावर पसरली होती, आणि लांबून पाहताना तो चिखल मुळीच वाटत नव्हता, नुसता ओला रस्ता वाटत होता. गाडीचा वेग काही फार नव्हता, तिशीच्या आसपास असेल. पावसात पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही हे गाडी शिकल्यापासून डोक्यात बसलेले असल्यामुळे मी वळणातच मागच्या ब्रेकवर पाय दिला. मागचे चाक जागच्या जागी अडकले, गाडी आडवी झाली आणि मी डाव्या हातावर आपटलो. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. समोरून कोणतेही वाहन आले नाही म्हणून आज हे लिहायला शिल्लक आहे.

पुढे गाडी दुरुस्तीला दिली तेव्हा मेकॅनिकने वाकलेल्या हँडलकडे नंतर पाहिले. आधी त्याने मागच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “गुरुजी, हा तर गोटा झालाय. पावसाआधीच काढायला हवा होता.” मधला पट्टा खरोखरच हाताला गुळगुळीत लागत होता, खाचा फक्त कडेला उरल्या होत्या. आणखी एक पावसाळा निघेल, असे मी उन्हाळ्यात ठरवले होते. आजही गावोगावच्या गॅरेजमध्ये हेच वाक्य माझ्या कानावर पडते, म्हणून हा तपशील मुद्दाम दिला आहे. टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखाली आलेले पाणी बाजूला सारून रबराला रस्त्यापर्यंत पोहोचू देणे हे त्यांचे काम. दुचाकीच्या टायरची रस्त्याला टेकलेली जागा आपल्या तळहाताएवढीसुद्धा नसते, आणि अशा दोनच जागांवर गाडीचा, चालकाचा व मागे बसलेल्याचा सगळा भार पेललेला असतो. दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटले आहे. परंतु ही अगदी शेवटची मर्यादा झाली. तिथपर्यंत झिजलेला टायर घेऊन कोकणातल्या पावसात उतरू नये. खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलावाच लागतो. हे बघायला कोणाला विचारावे लागत नाही की पैसे मोजावे लागत नाहीत.

टायरबद्दलच आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवली म्हणजे पकड वाढते, असे पुष्कळ जण मानतात आणि पंपावर तसे सांगतातही. प्रत्यक्षात हवा कमी झाली की टायर मधोमध दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर फेकण्याची त्याची ताकद कमी होते. साचलेल्या पाण्यातून वेगाने जाताना चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते आणि त्या क्षणी हँडल, ब्रेक कशाचाच उपयोग होत नाही. हवा कमी असेल तर ही वेळ आणखी कमी वेगाला येते. कंपनीने साखळीच्या आवरणावर किंवा पुस्तिकेत जेवढी हवा दिली आहे, तेवढीच बारमाही ठेवावी.

आता ब्रेकविषयी. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. समोर गुरू आडवे आले हे डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच दीड एसटी गाडीच्या लांबीएवढे अंतर संपलेले असते. त्यानंतर गाडी थांबायला जे अंतर लागते ते पकडीवर अवलंबून असते. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली तर ते अंतर दुप्पट होते. याला तोडगा एकच आणि तो सोपा आहे. ब्रेक लावल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे साठचा वेग चाळीसवर आणला तर ते निम्म्याहूनही कमी होते. सहावी-सातवीच्या मुलांना मी हे गणित फळ्यावर करून दाखवत असे आणि घरी जाऊन वडिलांना सांगा असे बजावत असे. वीस किलोमीटरच्या प्रवासात या कमी वेगामुळे दहा मिनिटे जादा लागतात, त्याहून अधिक नाही.

पुढचा ब्रेक वापरू नये या शिकवणुकीमुळे माझे हाड मोडले, म्हणून त्याबद्दल दोन शब्द अधिक लिहितो. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे जातो, पुढचे चाक रस्त्यावर दाबले जाते आणि मागचे हलके होते. हलक्या झालेल्या चाकावर सगळा ब्रेक टाकला तर ते अडकणार आणि घसरणार हे उघड आहे. ओल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकाच वेळी, पण लिंबू पिळताना दाब हळूहळू वाढवतो तसे वाढवत लावावेत, आणि ते गाडी सरळ व उभी असताना लावावेत. वळणात शिरण्यापूर्वीच वेग उतरवून घ्यावा; गाडी कललेली असताना ब्रेकला झटका देऊ नये. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीहून मोठ्या गाड्यांना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याहून लहान गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट घडली. परंतु खेड्यापाड्यांत त्यापूर्वीच्या हजारो गाड्या आजही चालतात आणि त्यांच्यावर सगळी मदार चालकाच्या हातापायांवर असते. शिवाय यंत्रणा असली तरी ती गोट्या टायरला खाचा पाडून देऊ शकत नाही. ज्यांना हे नवीन असेल त्यांनी पहिल्या पावसानंतर एखाद्या मोकळ्या मैदानात वीस-पंचवीसच्या वेगाने पाच-दहा वेळा गाडी थांबवून पाहावी. आपल्या गाडीला किती जागा लागते हे एकदा अंगाला कळले की रस्त्यावर पुढच्या वाहनापासून किती मागे राहायचे ते आपोआप समजते.

पाण्यातून गाडी काढल्यानंतर ड्रमचा ब्रेक काही काळ धरत नाही, कारण आत शिरलेल्या पाण्याने लायनर ओले झालेले असतात. पाणी ओलांडले की वेग न वाढवता थोडे अंतर ब्रेक हलके दाबून ठेवावेत, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने ते सुकतात. ब्रेक लागतो आहे याची खात्री पटल्याखेरीज उतारावर जाऊ नये.

रस्ताही रोज सारखा नसतो. सगळ्यांत घसरडा रस्ता असतो तो पहिल्या सरींचा. आठ महिन्यांत सांडलेले तेल, रबराचा कीस आणि धूळ यांचा पहिल्या पाण्यात पातळ लेप तयार होतो आणि दोन-चार मोठ्या पावसांनी धुऊन निघेपर्यंत तो तसाच राहतो. लोक मात्र पहिल्या पावसात भिजायला म्हणून गाड्या काढतात. श्रावण येईपर्यंत डांबर धुतलेले असते, पण तोवर झाडांखालच्या सिमेंटच्या रस्त्यांवर शेवाळ धरते. वाडीत उतरणाऱ्या काँक्रीटच्या पाखाडीसारख्या चढ-उतारांवर तर पायी चालणारासुद्धा घसरतो. पुलांवरचे लोखंडी जोड, रेल्वे फाटकातील रूळ, गटारांची झाकणे, पांढऱ्या रंगाचे जाड पट्टे आणि पेव्हर ब्लॉक हे सर्व ओले झाले की काचेसारखे होतात. त्यांच्यावरून जाताना गाडी सरळ ठेवावी, आणि रूळ तिरके असतील तर शक्य तितके काटकोनात ओलांडावेत. घाटातील वळणांवर काठोकाठ भरलेल्या टाक्यांतून डिझेल सांडते. त्याचा इंद्रधनुष्यी तवंग दिसण्याआधी बहुधा वास येतो. तो आला की वेग कमी करायचा. पुढे मोठे वाहन असेल तर त्याच्या चाकांनी पाणी सारलेल्या पट्ट्यातून जावे, मात्र त्याचे तुषार आपल्या काचेवर येणार नाहीत इतके अंतर ठेवून.

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दहा वर्षांहून अधिक काळ आम्ही पाहत आहोत. त्या कामाच्या दिरंगाईवर पुष्कळ लिहून झाले आहे. मला फक्त एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. काँक्रीटची नवी मार्गिका आणि तिच्या बाजूचा जुना रस्ता किंवा साइडपट्टी यांच्या उंचीत जिथे वीतभर फरक राहतो, तिथे पावसात दोन्हींकडे पाणी असल्यामुळे ती धार दिसत नाही. मागून येणाऱ्या ट्रकला वाट देण्यासाठी दुचाकीस्वार डावीकडे सरकतो आणि पुढचे चाक त्या कडेवरून खाली उतरते. चारचाकीला हा नुसता धक्का वाटतो, दुचाकी सरळ आडवी होते. काम पूर्ण व्हायचे तेव्हा होईल, परंतु पावसाळ्यापूर्वी अशा कडांना मातीचा उतार देणे आणि त्यांवर चमकणारे खुंट लावणे हे चार दिवसांचे काम आहे.

घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. आंबा घाटातून साखरप्याकडे येताना मी कितीतरी जणांना इंजिन बंद करून उतरताना पाहिले आहे. एरवीही ते घातक आहे. पावसात आणि धुक्यात तर त्याचा अर्थ असा होतो की चाकांवर इंजिनाचा काहीच अटकाव उरत नाही आणि सगळा उतार ओल्या ब्रेकवर काढायचा असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत. दुचाकीलाही ते तितकेच लागू आहे.

आपल्याला दिसणे जेवढे महत्त्वाचे आहे तेवढेच आपण इतरांना दिसणेही. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. जुन्या गाड्यांचा तो दिवसाही हाताने लावावा. मागचा दिवा बंद असल्याचे चालकाला कधीच दिसत नाही, म्हणून निघताना ब्रेक दाबून कोणाला तरी तो लागतो का हे विचारावे. बाजारातले बहुतेक रेनकोट काळे, राखाडी किंवा गडद निळे असतात आणि पावसाचा रंगही तोच असतो. पिवळा किंवा नारिंगी मिळत असेल तर तो घ्यावा. हेल्मेट मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे, तरीही पाऊस आला की काचेवर वाफ धरते म्हणून ते काढून कोपरात अडकवले जाते. काच बोटभर उघडी ठेवली की वाफ जाते. काळी काच पावसाळ्यात वापरूच नये.

आमच्या भागातल्या भगिनींसाठी एक कळकळीची विनंती आहे. मागे एका बाजूला बसून, एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात उघडी छत्री, हे दृश्य मी दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी माझ्या पोटात गोळा येतो. चाळीसच्या वेगाला समोरून वारा आला की छत्री शिडासारखी फुगते आणि ती धरलेल्या माणसाला मागे खेचते; त्या वेळी दुसरा हात कशालाही धरलेला नसतो. छत्री मिटून ठेवावी, रेनकोट घालावा, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे, पदर आणि ओढणी कमरेशी घट्ट खोचावी. साडीगार्ड शोभत नाही म्हणून काढून टाकणाऱ्या तरुणांनी तो परत बसवावा, कारण ओल्या वस्त्राचे टोक चाकात गेले की गाडी थांबेपर्यंत ते सुटत नाही.

एवढे सगळे चालकाने पाळले, तरी एक जागा अशी असते जिथे कोणतेही कौशल्य उपयोगी पडत नाही. ती म्हणजे वाहते पाणी. माझ्या शेवटच्या शाळेच्या वाटेवर एका पऱ्यावर, म्हणजे लहान ओढ्यावर, बिनकठड्याचा कॉजवे आहे. त्याच्या दोन्ही कडांना गुडघाभर उंचीचे दगड रोवलेले आहेत आणि फार पूर्वी कोणीतरी त्यांच्या वरच्या भागाला पांढरा रंग दिला होता. त्या गावात रुजू झालो त्या वर्षीच्या जुलैत मी सकाळी तिथे पोहोचलो तेव्हा पाणी कॉजवेवरून वाहत होते. गावचे दूधवाले काका आपली गाडी स्टँडवर लावून, दोन्ही बाजूंचे कॅन तसेच ठेवून काठावर उकिडवे बसले होते. पाणी फार वाटत नव्हते. मी पहिला गिअर टाकला तेव्हा त्यांनी नुसता हात आडवा केला आणि दगडांकडे बोट दाखवले. ओळीतले मधले तीन दगड दिसत नव्हते. “ते तिन्ही डोकं वर काढतील तेव्हा जायचं, गुरुजी. शाळा काय वाहून जात नाही.” आम्ही पाऊण तास बसलो. पहिला दगड वर आला, मग दुसरा. तिसऱ्याला बराच वेळ लागला, आणि तो दिसल्यावरही काका आधी काठी टेकत पायी पलीकडे जाऊन आले. मधला एक तुकडा खचला होता. गढूळ पाण्याखाली तो मला दिसणे शक्यच नव्हते.

त्या पाऊण तासात जे शिकलो ते पुढे निवृत्तीपर्यंत पुरले. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि पाणी चाकाच्या आसापर्यंत आले की ढकलायला त्याला चाके, इंजिन आणि चालकाचे पाय असा मोठा आडोसा मिळतो. स्कूटरची चाके लहान आणि पुढचा पत्रा रुंद असल्याने तिची अवस्था आणखी बिकट होते. काठावर उभ्या असलेल्या गर्दीतून ‘घाला, जातंय, आत्ताच एक गेला’ असा आवाज हमखास येतो. त्या आत्ता गेलेल्यानंतर पाणी किती चढले हे कोणी मोजलेले नसते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या, ही घटना कोकणातला माणूस विसरलेला नाही. पूर आलेल्या नदीवरच्या जुन्या पुलावर रात्री जाण्याची वेळ आली, तर गाडी अलीकडे लावून पूल पलीकडपर्यंत शाबूत आहे हे दिसल्याखेरीज पुढे जाऊ नये, एवढे तरी आपण त्यातून घेतले पाहिजे.

आता थांबण्याच्या जागेविषयी, कारण ‘पाऊस वाढला तर बाजूला थांबा’ हा सल्ला देणे सोपे आहे. थांबायचे कुठे? झाडाखाली वीज आणि फांदी या दोन्हींची भीती असते. पूर्वी महामार्गावर दर काही अंतरावर प्रवासी निवारा असे; आमच्या भागातले काही रुंदीकरणात गेले आणि पुन्हा उभे राहिले नाहीत. मुंबई-पुण्यात याचे निराळे रूप दिसते. सर कोसळली की उड्डाणपुलाखाली दुचाकींची झुंबड उडते, पहिली रांग कडेला, दुसरी तिच्या बाहेर, तिसरी थेट चालत्या मार्गिकेत, आणि मागून पावसातून येणाऱ्या वाहनचालकाला त्या अंधाऱ्या जागेत ही माणसे अगदी शेवटी दिसतात. थांबलेल्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ते योग्य तेच करत असतात. पुलाखाली कडेला रस्त्यापासून वेगळी केलेली, दिवा असलेली जागा आखून देणे आणि महामार्गावर निवाऱ्यांशेजारी चार दुचाकी उभ्या राहतील एवढी फरसबंदी करणे ही मागणी अवाजवी नाही. पंपचालक, हॉटेलवाले आणि देवळांचे विश्वस्त यांनीही ‘पावसात थांबा, आत या’ असा फलक लावला तर पुष्कळ अडचण दूर होईल. आमच्याकडे काही चहावाले हे फलकाशिवायच करतात, आणि त्यांच्या टपरीवर मी कितीतरी सरी काढल्या आहेत.

जागा असली तरी मुभा लागते. हवामान खात्याच्या मोजणीनुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार पाऊस समजला जातो, आणि त्यानुसार पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे आदल्या दिवशीच मोबाइलवर येतात. अशा इशाऱ्याच्या दिवशी मुलांना सुट्टी पण शिक्षकांनी हजर राहायचे, असा प्रसंग माझ्या नोकरीत अनेकदा आला. उशीर झाल्यास काय होईल या धास्तीने, एरवी मी थांबलो असतो अशा दोन ठिकाणी मी गाडी पाण्यात घातली होती, सुदैवाने निभावले. आज आशा सेविका, अंगणवाडीच्या ताई, वायरमन, पतसंस्थांचे वसुली कर्मचारी आणि शहरांत घरोघरी जेवण व किराणा पोहोचवणारी मुले याच धास्तीने गाडी चालवतात. लाल किंवा नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी उशिराची नोंद होणार नाही, पैसे कापले जाणार नाहीत, असे नोकरी देणाऱ्याने आदल्या संध्याकाळी लेखी कळवावे. आपणही अशा दिवशी काही मागवले असेल तर आणणाऱ्याला फोन करून ‘सावकाश या, थांबून या’ एवढे सांगावे. त्याला थांबण्यासाठी कोणाची तरी परवानगी हवी असते.

खड्ड्यांविषयी थोडक्यातच लिहितो. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे कोणालाच दिसत नाही, त्यामुळे तो बुजवणे ही रस्ता सांभाळणाऱ्याचीच जबाबदारी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे व उघड्या गटारांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले आहेत. हे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून आपल्या वृत्तपत्राने ती माहिती दाव्याच्या पद्धतीसह ठळकपणे छापावी. तसेच, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ अ मुळे संरक्षण आहे. तरीही आपल्याला साक्षीत गोवले जाईल या भीतीने रस्त्यावर पडलेल्या माणसाजवळून गाड्या पुढे निघून जातात, ते थांबावे. १०८ क्रमांकाला फोन करणे आणि जखमीच्या मागे आपली गाडी दिवे लावून उभी करणे, एवढे तरी कोणालाही करता येते.

शेवटी कॉजवेच्या त्या दगडांबद्दल. त्यांच्यावरचा पांढरा रंग आता जवळजवळ उडाला आहे आणि संध्याकाळच्या पावसात ते पाण्याच्या रंगात मिसळून जातात. दूधवाले काका आज नाहीत. येत्या रविवारी गावातील चार-पाच जण आणि मी मिळून ते दगड पुन्हा रंगवणार आहोत, आणि मधल्या तीन दगडांवर लाल पट्टा ओढणार आहोत. शेजारच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहायचे ठरले आहे की लाल पट्टा दिसत नसेल तर थांबावे. जिल्ह्यात असे बिनकठड्याचे कॉजवे आणि मोऱ्या पुष्कळ आहेत. एक डबा रंग आणि एक सकाळ यापलीकडे फारसा खर्च नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या वाटेवर असा कॉजवे असेल त्यांनी मृगाआधीच्या या दोन रविवारांपैकी एक त्यासाठी द्यावा, अशी विनंती आपण छापावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी